कटरचा डबा

अंजिराला उन्हाळ्यात पाण्याचा खाडा चालत नाही. मीठा बहार धरला की मार्च-एप्रिलात फळ झाडावर भरायला लागतं. त्या दिवसांत पाण्याची एक पाळी हुकली तर फळ मलूल होतं, गळतं. आणि हुकलेली पाळी भरून काढायची म्हणून एकदम जादा पाणी सोडलं तर तडकतं. तडकलेलं अंजीर पाटीत घालून पुण्याच्या मार्केट यार्डात नेता येत नाही. ते घरी खायचं, नाहीतर शेरडांपुढं टाकायचं. पुरंदरात बागेच्या कडेला वाढलेल्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही.

आमची बाग सासवडच्या पलीकडे, कऱ्हेच्या खोऱ्यात. विहीर एक आणि मालक दोन. एक माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, आणि दुसरे त्यांचे धाकटे भाऊ तात्या. जमीन कागदावर सामाईक होती, चुली मात्र निराळ्या झालेल्या. विहिरीवरचं इंजिन हीच काय ती दोन्ही घरांची सामाईक वस्तू उरली होती. १९७२ च्या दुष्काळानंतर भूविकास बँकेचं कर्ज काढून ते घेतलेलं. किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं, एव्ही-वन. ८० मिलिमीटरचा सिलिंडर, ११० मिलिमीटरचा स्ट्रोक, मिनिटाला १५०० फेरे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगर केले, हे शाळेच्या पुस्तकामुळे सगळ्यांना ठाऊक असतं. डिझेल इंजिनांचा कारखाना मात्र १९४६ साली पुण्यात, खडकीला निघाला. मी औंधच्या आयटीआयमध्ये फिटरच्या ट्रेडला होतो तेव्हा खडकीतच खोली घेऊन राहायचो. येता-जाता त्या कारखान्याची भिंत दिसायची आणि दर वेळी मनात यायचं, आपलं इंजान हितलं.

१९८४ च्या उन्हाळ्यात त्या इंजिनाचा दम गेला. दम गेला म्हणजे काय, ते हँडल मारणाऱ्याच्या मनगटाला आधी कळतं. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. आत कोंडलेली हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, त्या दाबानं ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलची फवार पेटते. दाब धरला तरच सगळं. चांगल्या इंजिनाचं हँडल डिकॉम्प्रेशनचा खटका वर न करता फिरवून बघा, ते तुम्हाला उलटं ढकलतं. आमचं हँडल ढकलेनासं झालं होतं. उसाच्या चरकासारखं गपगुमान फिरायचं, पांढरा धूर सोडायचं, आणि पंचवीस-तीस फेऱ्या मारल्यावर मनात आलं तर सुरू व्हायचं.

दाब कुठून निसटतो ते कानानं शोधता येतं. हँडल हळूहळू दाबाच्या जागेवर आणायचं आणि ऐकायचं. सायलेन्सरमधून फुस्स आलं तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह. हवेच्या फिल्टरमधून आलं तर इनलेटचा. ऑइल भरायच्या तोंडातून आलं तर रिंगा. आण्णांनी मला शनिवारी रात्री, एसटीतून उतरल्या उतरल्या, जेवायच्या आधी विहिरीवर नेलं. सायलेन्सरला कान लावायला लावला. फुस्स स्पष्ट ऐकू येत होतं.

"रिंगा न्हाईत ना?"

"रिंगा नाहीत, आण्णा. व्हॉल्व्हच."

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण तात्या कट्ट्यावर बसले होते, त्यांचा चेहरा काही हलला नाही. "वालव म्हंजी हेड पुन्यालाच न्यायचं," ते म्हणाले. "म्हंजी पुना पंधरा दिस."

या 'पुना'च्या मागं इतिहास होता. आदल्या दोन वर्षांत दोनदा हेड शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये गेलं होतं. नाव घेत नाही, अशी वर्कशॉपं पुष्कळ होती. सीझनमध्ये ट्रकवाल्यांची कामं आधी, शेतकऱ्याचं हेड कोपऱ्यात. बारा दिवसांनी हेड परत आलं ते सीट इतकं रुंद करून, की वर्षभर टिकलं नाही. दोन्ही वेळी पाळ्या हुकल्या. तेव्हापासून तात्यांनी विजेच्या मोटारीचं धरलं होतं, आणि मोटारीबरोबर वाटणीचंही. "इंजान मोडीत काढा, हिर वाटून घ्या, ज्यानं त्यानं आपापलं बघावं." आण्णांना वाटणी नको होती. विजेच्या कनेक्शनला नंबर कधी लागेल याचा भरवसा नव्हता, आणि अंजीर नंबराची वाट बघत नव्हतं. त्या आठवड्यातलं पाणी शुक्रवारी देऊन झालं होतं. पुढच्या शनिवारी दोन्ही बागांना पाणी मिळालं नाही, तर तात्या तलाठ्याकडे जाणार होते. हे त्यांनी ओरडून सांगितलं नाही. साधं सांगितलं, म्हणून आण्णा जास्त घाबरले.

रविवारी सकाळी आम्ही हेड उतरवलं. इनलेटचं सीट ठीकच होतं. एक्झॉस्टचं सीट मात्र देवीच्या व्रणांसारखं खड्ड्याखड्ड्यांचं झालेलं, आणि एका जागी गॅसनं कोरलेली बारीक काळी वाट. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हचं दुखणं असं असतं की तो सगळा वेळ जळत्या गॅसमध्ये उभा. अंगातली उष्णता टाकायला त्याला मोठी जागा एकच, सीटवर टेकतो ती गोल कडा. तिथून उष्णता हेडमध्ये जाते, हेडमधून पाण्यात. टेकणं बिघडलं की व्हॉल्व्ह तापतो, तापला की जळतो, जळला की टेकणं आणखी बिघडतं. कडा फार अरुंद ठेवली तर उष्णता जात नाही, फार रुंद झाली तर दाब पसरतो आणि मध्ये काजळी अडकून गळती लागते. दीड-दोन मिलिमीटरचा काय तो खेळ.

आण्णांनी खिशातून सहाशे रुपये काढून माझ्या हातात दिले. पहिल्या तोड्याचे होते. "सीट घरी कापता येतं का, येवढं सांग. येत असंल तर हत्यारं घिऊन यी."

तात्यांनी पाटाकडे तोंड केलं. त्यातले अर्धे पैसे त्यांचे होते.

गावात त्या वेळी घरी करायचा एकच उपाय ठाऊक होता, पेस्ट. व्हॉल्व्हच्या कडेला कुरुंदाची पेस्ट लावायची, रबरी टोपीची काठी व्हॉल्व्हच्या डोक्याला चिकटवायची आणि रवी घुसळल्यासारखी दोन तळव्यांत फिरवायची. डबी स्वस्त, काठी स्वस्त. सीट नुसतं मळलं असेल तर त्याहून जास्त काही लागत नाही, हे आजही माझं मत आहे. पण खोल खड्डे पेस्टनं काढायला गेलं की खड्डा जायच्या आधी व्हॉल्व्ह झिजतो, त्याच्या कडेला खाच पडते आणि सीट रुंद होत जातं. आमचा खड्डा पेस्टच्या पलीकडे गेला होता.

दुसरं टोक म्हणजे वर्कशॉपातलं विजेचं ग्राइंडिंग. त्यात दगड फिरतो. काम सुरेख होतं, पण दगडाचा कोन हिऱ्यानं पुन्हा पुन्हा सोलून नीट ठेवावा लागतो, आणि शेतावर वीज नसताना विजेचं यंत्र घेऊन करायचं काय? राहता राहिला हातकटर. दातेरी लोखंडी टोपी, मधून जाणारी सळई, वर टी-हँडल. सळई व्हॉल्व्हच्या गाईडमध्ये बसते, कटर तिच्याभोवती फिरतो. त्या सळईला पायलट म्हणतात.

सोमवारी दोन्ही व्हॉल्व्ह फडक्यात गुंडाळून आयटीआयला नेले आणि आमच्या सरांना दाखवले. कोणता कटर घेऊ, असं विचारलं. सर व्हॉल्व्हच्या कडेकडे बघेनात. दांडी बोटांनी चाचपत राहिले. मग म्हणाले, "कटरचं नंतर. गाईड किती खाल्लंय ते सांग."

मी सांगितलं, की एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह थोडा उचलून हलवला तर डोकं डाव्या-उजव्या बाजूला डोळ्यांना दिसेल इतकं हलत होतं.

"मग तू कटर सोन्याचा आण. पायलट वाकडा उभा राहिला तर कटर वाकडंच कापणार. सीट गोल होईल, पण गाईडच्या मध्यावर नसेल. व्हॉल्व्ह एका बाजूलाच टेकेल."

वर्कशॉपनं दोनदा केलेलं सीट वर्षभरात का गेलं, याचं कारण त्या एका वाक्यात होतं. दोन्ही वेळी गाईड जुनंच ठेवून सीट कापलं होतं.

बुधवारी सरांनी सुट्टी दिली. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, म्हणून आधी मंगळवार पेठेत गेलो. तिथं काय नव्हतं? कुलपं, दुर्बिणी, तोफखान्यातल्या म्हणून सांगितलेल्या पेट्या, पान्यांचे ढीग. एका फळकुटावर व्हॉल्व्ह-सीट कटरचा जुना संच मांडला होता. लाकडी पेटी, प्रत्येक कटरला खाचेत जागा, विलायती छाप. विकणारा ऐंशी रुपये म्हणाला. मी कटर उन्हात धरून एक एक दात बघितला. पंचेचाळीस अंशांच्या कटरचा एक दात टोकाला उडालेला होता. असा कटर फिरताना अडखळतो आणि सीटवर लाटा पाडतो. एकदा लाट पडली की पुढचा दात त्याच लाटेत पडतो आणि ती खोल होत जाते. पेटीतल्या पायलटच्या खाचा तर रिकाम्याच होत्या. ऐंशी रुपयांत ती पेटी स्वस्त वाटत होती. तशी ठेवली आणि सायकल रविवार पेठेकडे वळवली.

बोहरी आळी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना दुकानं, दाराबाहेर पायऱ्यांवर खिळे, बिजागऱ्या, साखळ्या, करवती. हातगाडी आली की माणसांनी दुकानात चढायचं. ज्या दुकानात गेलो तिथं पांढऱ्या दाढीचे, टोपीतले शेठ गल्ल्यावर होते. मी कटर मागितला.

"व्हॉल्व्ह लाये?"

फडकं सोडलं. त्यांनी व्हॉल्व्ह घेतला, कडेला कोनमापक लावला. पंचेचाळीस. मग डोक्याचा व्यास मोजला आणि त्याहून दोन-तीन मिलिमीटर मोठा कटर काढला. मग म्हणाले, "गाईड पुराना है के नवा?" सोमवारी सरांनी विचारलेलंच.

काउंटरवर हळूहळू ढीग झाला. पंचेचाळीसचा एक कटर, सीट जिथं टेकायचं तो कोन कापणारा. सीट रुंद झालं तर वरून खाली आणायला तीस अंशांचा. आतल्या बाजूनं अरुंद करायला साठचा. शेठ म्हणाले, तिन्ही घ्या, दोन घेऊन रुंदी हातात राहत नाही. कार्बाइडच्या पात्यांचा परदेशी कटर काचेच्या कपाटात होता. त्याची किंमत ऐकली आणि पुन्हा तिकडं बघितलं नाही. आमचं बिडाचं हेड, सीट त्याच बिडात कापलेलं, वेगळी कडक रिंग बसवलेली नव्हती. त्याला साधा पोलादी कटर पुरतो. रिंग असती तर गोष्ट निराळी.

मग पायलट. एक फाकणारा होता, स्क्रू फिरवला की आतून फुगून गाईडला धरणारा. खाल्लेल्या गाईडलाही तो चालतो, असं दुकानातला पोऱ्या म्हणाला. शेठ त्याच्यावर डाफरले. खाल्लेलं गाईड दोन्ही तोंडांना घंटेसारखं उघडलेलं असतं. फाकणारा पायलट तिथं कुठं धरेल आणि कुठं नाही, कुणाला ठाऊक? मी एकसंध पायलट घेतला, किंचित निमुळता, गाईडमध्ये दाबून बसवायचा. शेठनी तो काउंटरच्या काचेवर घरंगळत सोडला आणि खाली वाकून बघायला सांगितलं. सळई वाकडी असेल तर काच आणि सळई यांच्यामधली उजेडाची फट फिरताना कमी-जास्त होते. पहिल्या पायलटची झाली. दुसऱ्याचीही, थोडी. तिसऱ्याची झाली नाही. तो घेतला.

आणि रीमर. नवं गाईड हेडमध्ये ठोकून बसवलं की त्याचं भोक आवळतं, ते रीमरनं मापात आणावं लागतं. ही सगळ्यांत महाग वस्तू निघाली. निळ्या रंगाची ट्यूब, बारीक पेस्टची डबी. इंजिनाच्या स्पेअरच्या दुकानातून नवी गाईडं आणि एक्झॉस्टचा नवा व्हॉल्व्ह. सहाशेतले बासष्ट रुपये उरले.

रात्री घरी ओट्यावर डबा उघडला. तात्या आले, कंदील जवळ ओढला आणि एक एक वस्तू उचलून बघितली.

"ह्यात कापायचं कंचं?"

मी तीन कटर दाखवले.

"आन् ह्या सळया?"

"त्या धरायच्या."

"पैकं कशाला जास्त पडलं?"

"सळयांना."

तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आण्णांकडे बघून म्हणाले, "ह्यो पोरगं शाळंत घालून इसरलास तू." आई आत हसल्याचं ऐकू आलं.

गुरुवारी सकाळी पायरीच्या सुंब्यानं जुनी गाईडं ठोकून काढली. नवी बसवली. रीमर ऑइल लावून एकाच दिशेनं फिरवत नेला, तसाच फिरवत बाहेर काढला. पायलट गाईडमध्ये बसवला आणि हलवून पाहिला. हलेना. कटर चढवला. हँडल आण्णांच्या हातात दिलं, कारण त्यांचा हात माझ्याहून हलका होता. चाळीस वर्षं अंजीर देठाला धक्का न लावता तोडणारा तो हात. कटरवर जोर द्यायचा नसतो. वजन त्याचं त्याला पुरतं. घड्याळाच्या दिशेनंच फिरवायचा, उलटा फिरवला की दाताची धार मरते. आणि थांबवायचा तो फिरता फिरता उचलून, जागेवर दाबून थांबवला तर तिथं खूण राहते. बिडाचा काळा भुसा पडायला लागला. सात-आठ फेऱ्यांत खड्डे गेले. ती कोरलेली वाट जायला आणखी सात-आठ लागल्या.

मग निळा रंग. नव्या व्हॉल्व्हच्या कडेला पुसट बोट फिरवलं, व्हॉल्व्ह सीटवर टेकवून जरासा वळवला, उचलला. सीटवर निळी गोल रेघ अखंड उमटली होती, पण वरच्या अंगाला सरकलेली आणि अडीच मिलिमीटरच्या पुढं. तीसचा कटर दोन फेरे, साठचा एक, पुन्हा निळा. दुपारपर्यंत रेघ मध्यावर आली आणि दोनच्या आत बसली. शेवटी बारीक पेस्ट, काठीचे मोजून वीस-पंचवीस हेलकावे. आणि धुणं. पेस्टचा एक कण सिलिंडरमध्ये गेला तर रिंगा खाऊन टाकतो, म्हणून आण्णांनी हेड तीनदा धुतलं. डिझेलनं दोनदा, साबणाच्या पाण्यानं एकदा.

परीक्षा रॉकेलची. व्हॉल्व्ह स्प्रिंगांसकट बसवून हेड आडवं धरायचं, पोर्टमध्ये रॉकेल भरायचं आणि आतल्या बाजूनं सीटची कड ओली होते का बघायचं. रॉकेल रेशनचं, आईनं पावशेर मोजून दिलं आणि परत मोजून घेईन म्हणाली. एक्झॉस्ट कोरडा राहिला. इनलेटला एका बाजूला पाझर आला. ते सीट कापायची गरज नव्हती, पण गाईड नवं बसल्यावर व्हॉल्व्हची बैठक किंचित बदलली होती. पंचेचाळीसचा एक हलका हात, थोडी पेस्ट, पुन्हा रॉकेल. कोरडं.

सीट कापलं की व्हॉल्व्ह हेडमध्ये तेवढा आत जातो आणि त्याची दांडी वर येते. म्हणून टॅपेटची फट पुन्हा लावावी लागते. ती राहिली तर व्हॉल्व्ह पूर्ण टेकतच नाही आणि सगळी मेहनत महिनाभरात जळून जाते. शुक्रवारी हेड चढवलं, फट लावली. तात्यांनी स्वतःहून हँडल घेतलं. दाबाच्या जागी आलं तसं हँडलनं त्यांना मागं ढकललं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा फिरवलं, पुन्हा ढकललं. मग खटका वर करून वेग दिला आणि सोडला. तिसऱ्या फेरीला इंजिन लागलं. शनिवारी दुपारपर्यंत दोन्ही बागा भिजल्या. तात्यांच्या बागेतली टोकाची एक रांग तेवढी आधीच मलूल झाली होती, तिथलं फळ गळालं.

वाटणी त्यानंतर सात वर्षांनी झालीच. तोवर वीज आली होती. चिठ्ठ्या टाकल्या. मोटार आण्णांना निघाली आणि इंजिन तात्यांना, म्हणजे ज्यांना जे नको होतं ते. कटरचा डबा कुठल्याच यादीत नव्हता. तो आमच्या माळ्यावर राहिला. वीज रात्री-अपरात्री यायची, दाब कमी असायचा, त्यामुळे तात्यांचं इंजिन चालूच राहिलं. वाटणीत बांधावरून बोलाचाली झाली आणि दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं.

दोन-अडीच वर्षांनी तात्यांचा थोरला डबा मागायला आला. आण्णांनी डबा दिला, पण त्यातला पायलट काढून फडक्यात गुंडाळला आणि बंडीच्या खिशात घातला. "सळई वाकवून ठिवतील," ते म्हणाले, आणि चपला घालून त्याच्यामागं निघाले. मी सुट्टीला आलो होतो, मीही गेलो. तात्यांच्या ओट्यावर हेड काढून ठेवलं होतं. आण्णांनी काही न बोलता पायलट बसवला, हलवून बघितला, आणि कटर तात्यांपुढं केला. तात्यांनी हँडल धरलं.

"उलटं नगं."

"म्हाईत हाय."

पुढं दर दोन-तीन वर्षांनी हे व्हायचं. डबा पोरगं न्यायचं, पायलट आण्णा स्वतः न्यायचे. शेवटी रॉकेल भरून हेड आडवं धरलं की पाच मिनिटं थांबावं लागतं. तेवढ्यात काकू चहा ठेवून जायची. दोघे हेडवर डोळे ठेवून, एकमेकांकडे न बघता, यार्डातला अंजिराचा भाव आणि विहिरीची पातळी एवढंच बोलायचे.